डोंगर बदलता येत नाही

पोरांनो, ट्रान्समीटर बसवायचं काम हाती आलं की सगळे आधी यंत्राचा कॅटलॉग उघडतात. तो आठ दिवस बाजूला ठेवा. यंत्र जुनं झालं की काढून नवं आणता येतं. जागा, मनोरा, पाया, अर्थिंग आणि वर जाणारा रस्ता मात्र पुढच्या कित्येक माणसांच्या नोकऱ्या होईपर्यंत तसाच राहतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडाच्या मनोऱ्यावरून पुण्याच्या घरांत चित्र दिसू लागलं. कृष्णधवलाचं रंगीत झालं, व्हॉल्व्हची यंत्रं जाऊन ट्रान्झिस्टरची आली, पण जागेचा प्रश्न पुन्हा कुणाला सोडवावा लागला नाही. म्हणून जे मागाहून बदलता येणार नाही, त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचे कानमंत्र याच एका मंत्रातून निघतात.

शेवटचं गाव आधी ठरवा. कुठवर चित्र पोचवायचं, ते नकाशावर नावानिशी लिहा. छतावरच्या अँटेनाला दरमहा भाडं लागत नाही. ज्या घराला केबलचं किंवा डिशच्या छत्रीचं बिल झेपत नाही, त्याच घरासाठी आपली यातायात असते. मग हिशेब करा. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ने गुणा. तितक्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज येतं. १०० मीटरला ४१ किलोमीटर. समोरच्या छतावर ९ मीटरवर अँटेना असेल, तर तिचे १२ मिळवा. सिंहगड पुण्याच्या सपाटीपेक्षा सुमारे ७५० मीटर उंच आहे. तिथून हेच क्षितिज ११० किलोमीटरच्या पुढे जातं.

पण हा आकडा सपाट मुलखाचा. सह्याद्रीत एक धार आडवी आली की तिच्या पाठची वाडी सावलीत जाते. मनोऱ्यापासून प्रत्येक महत्त्वाच्या गावापर्यंत जमिनीचा छेद काढा, आणि मग गाडीत १० मीटरचा दांडा आणि सिग्नल मोजायचं मीटर टाकून स्वतः फिरा. सावलीत किती वाड्या सापडतात त्यावर छोटे रिले ट्रान्समीटर किती लागतील ते कळतं. त्यांचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, मागाहून ते कुणी देत नाही.

पॉवर वाढवण्याआधी उंची वाढवा. पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल मिळतात, आणि विजेचं बिल कायमचं वाढतं. सपाट मुलखात अँटेनाची उंची दुप्पट केली, तर लांबच्या गावात साधारण ६ डेसिबल मिळतात आणि क्षितिजही पुढे सरकतं. मात्र फार उंच जागेवर दिव्याखाली अंधार होतो. अँटेनाचा झोत सरळ पुढे जातो आणि पायथ्याचं शहर कोरडं राहतं. म्हणून अँटेना मागवतानाच झोत किती अंश खाली झुकवायचा आणि जवळच्या पट्ट्यातल्या सिग्नलच्या फटी किती भरायच्या, हे लिहून द्या. अँटेना वर चढल्यावर ही दुरुस्ती फार महागात पडते.

कागद मनोऱ्याच्या आधी. फ्रिक्वेन्सी आणि परवाना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून, जागेची मंजुरी सॅक्फा समितीकडून, विमानतळ जवळ असेल तर विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत पत्र. किल्ला किंवा जंगलाची जमीन असेल तर पुरातत्त्व आणि वन खात्याचीही पायरी चढावी लागते. मंजूर उंची हातात येण्याआधी पाया खणू नका. उंची पाच मीटरने कमी झाली तरी सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.

वारा आणि वीज. मनोऱ्याच्या आराखड्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्याला ३९ मीटर धरतात. डोंगरमाथ्यावर वारा त्याहून जोर धरतो, त्यासाठीचा गुणक विसरू नका. आज लागणाऱ्या अँटेनांचाच भार धरू नका. उद्याच्या एका जादा अँटेनाची जागा आणि तिच्यावरचा वारा आजच हिशेबात घ्या.

मनोऱ्यावर पडलेली वीज जिरवायला अर्थिंग लागते, पण आपल्या काळ्या पाषाणात ती सहज मिळत नाही. जमिनीचा रोध मे महिन्यात मोजा. पावसाळ्यात मोजलात तर ओली माती छान आकडा देईल आणि उन्हाळ्यात तो टिकणार नाही. माथ्यावर माती नसेल तर तांब्याची पट्टी खालच्या मातीच्या पट्ट्यापर्यंत न्या, खड्डे वाढवा. एकूण रोध एक ओहमच्या आत आणायचा प्रयत्न ठेवा. मनोरा, इमारत, डिझेल जनरेटर या सगळ्यांची अर्थिंग खाली एकमेकांना जोडा. यंत्रापासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या फीडर केबलचं बाहेरचं आवरण वर, खाली आणि इमारतीत शिरण्याआधी, असं तिन्ही ठिकाणी जमिनीला बांधा.

फीडरमध्ये काटकसर नको. केबलमध्ये १ डेसिबल गेला म्हणजे पॉवरचा पाचवा हिस्सा केबल तापवण्यात गेला. म्हणून इमारत मनोऱ्याच्या पायाशी हवी. केबलमध्ये कोरडी हवा दाबाखाली भरलेली ठेवा. दाब उतरला की कुठेतरी ओल शिरतेय असं समजा. यंत्र पहिल्यांदा अँटेनाऐवजी डमी लोडवर चालवा, अँटेना आणि फीडर वेगळे मोजा, आणि दोन्ही ठीक असतील तरच जोडा.

उष्णता आणि रस्ता. १० किलोवॉटचं यंत्र ३० टक्के कार्यक्षमतेचं असेल तर ते ३३ किलोवॉट खाईल आणि २३ किलोवॉटची उष्णता खोलीत सोडेल. एका टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो. म्हणजे सात टन निव्वळ यंत्रापायी लागतात. एक एसी बंद पडला तरी उरलेल्यांना निभावता आलं पाहिजे. घाटातली वळणं, मोऱ्या आणि खोलीचा दरवाजा सगळ्यात मोठ्या पेटीच्या मापाने आधी तपासा. पावसाळ्यापुरतं डिझेल, पिण्याचं पाणी आणि वर राहणाऱ्या माणसांची नीट खोली यांचा विचार यंत्राइतक्याच आस्थेने करा. जुलैच्या धुक्यात ट्रान्समीटर तीच माणसं चालवतात.

डिजिटलसाठी पदरी शिल्लक ठेवा. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, पण बातम्या कळायच्या. २०१६मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत दूरदर्शनने आणलेल्या डीव्हीबी-टी२ पद्धतीत सिग्नल एका मर्यादेखाली गेला की चित्र एकदम नाहीसं होतं. त्यामुळे शेवटच्या गावात नुसता पुरेसा सिग्नल चालत नाही, पाऊस, झाडं आणि जुनी अँटेना यांच्यासाठी वर शिल्लक लागते. या सिग्नलची शिखरं सरासरीपेक्षा फार उंच असतात. फीडर आणि कंबाइनर सरासरी पॉवरवर निवडू नका, शिखराचा व्होल्टेज सोसणारे घ्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन मनोरे चालवायचे असतील तर दोन्हीकडे जीपीएसची वेळ आणि त्यांच्यातलं अंतर आधी पडताळा.

आणि काम संपलं की पहिल्या दिवसाचे आकडे लिहा. प्रत्येक गावातला सिग्नल, फीडरची मापं, अर्थिंगचा रोध, यंत्राचे सगळे मीटर. तारीख आणि सही घालून ती वही यंत्राशेजारीच ठेवा. दहा वर्षांनी चित्र बिघडलं तर तुमच्या जागी आलेल्या मुलाला दोष कुठे शोधायचा, हे त्या वहीतूनच कळेल.