हिरवी केळी आणि खारा मासा

मुलांनो, कॅरिबियन समुद्रात सेंट लुसिया नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथे हिरव्या केळ्याला ‘फिग’, म्हणजे चक्क अंजीर म्हणतात! कच्च्या केळ्यात साखर थोडी व पिष्ट फार. म्हणून ते बटाट्याप्रमाणे उकडून खातात. केळ्याच्या चिकाने हात काळे पडतात, यास्तव गृहिणी आधी हातांस तेल चोळते. मग सालीला उभी चीर देऊन केळी सालीसकट उकडते. खारवलेला कॉड मासा भिजवून, कांद्यावर परतून तो केळ्यांबरोबर वाढते. उसाच्या मळ्यांचे मालक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना हाच स्वस्त मासा देत. तो उत्तर अमेरिकेतून जहाजांनी येई. १८३८ साली ते मजूर पूर्णपणे मुक्त झाले. त्यांचे वंशज आज हे जेवण आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणून पाहुण्यांपुढे ठेवतात.