करंड्याचे झाकण का अडकते?



तुमच्या घरी आजीचा जुना लाकडी करंडा असेल तर तो आज जरा मागून घ्या. खरादावर कातलेला, वाटोळा, बसक्या झाकणाचा. झाकण सरळ वर ओढा. काम चांगले असेल तर ते लगेच सुटणार नाही. थोडे ओढ घेईल आणि मग 'फुस्स' असा बारीक आवाज करून निघेल. आता तेच झाकण पाव फेरा फिरवून पुन्हा बसवून पाहा. पुष्कळदा ते बसत नाही, किंवा बसले तर निघत नाही. असे का व्हावे? करंडा तर वाटोळा आहे, आणि वर्तुळ कसेही फिरवले तरी वर्तुळच!

या प्रश्नाचा मला चांगलाच फटका बसला आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात मी सागाचा एक करंडा कातला आणि लातूरच्या आत्याला दिला. झाकण आणि तोंड यांच्यात जेमतेम कागदाच्या जाडीइतकी फट ठेवली होती, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. चैत्रात आत्याचा फोन आला. झाकण निघेना म्हणून तिने सुरीने उचकटले, तर त्याला आरपार चीर गेली. कुंकवाचा करंडा फुटला, आणि नेमके त्याच आठवड्यात आतोबा नांदेडला दवाखान्यात होते. तिच्या मनात काय आले असेल ते तुम्हाला सांगायला नको. आतोबा बरे होऊन घरी आले, परंतु आत्याची रुखरुख जाईना. करंडा का फुटला हे तिला समजावून सांगणे मला भाग होते. तिला जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडतो.

ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. लाकूड म्हणजे अशीच, पण अतिशय बारीक नळ्यांची पेंढी होय. नळ्या झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असतात. हवा दमट झाली की नळ्यांच्या भिंती पाणी शोषून जाड होतात, हवा कोरडी झाली की त्या पाणी सोडून आक्रसतात. म्हणून लाकूड आडवे फुगते, उभे जवळजवळ फुगत नाही. पेंढी भिजली तर जाड होते, लांब होत नाही, तसेच हे.

परंतु आडव्या दिशाही सगळ्या सारख्या नाहीत. झाडाच्या कापलेल्या तोंडावर वर्षवलये दिसतात. गाभ्याकडून सालीकडे जाणारी ती त्रिज्येची दिशा, आणि वलयाला धरून जाणारी ती स्पर्शरेषेची दिशा. ओले सागवान पूर्णपणे सुकवले तर ते त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आक्रसते, आणि स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. सगळी गोम या दोन आकड्यांत आहे.

आता हिशेब करू. नळ्यांच्या भिंती पाण्याने पूर्ण भरल्या म्हणजे लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातील पाणी १२ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते, आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ६ टक्क्यांच्या आसपास. आपल्या मराठवाड्यात श्रावण ते चैत्र एवढा फरक सहज पडतो. म्हणजे ३० पैकी ६ टक्के पाणी गेले, एकूण आक्रसण्याचा पाचवा हिस्सा झाला. स्पर्शरेषेच्या दिशेने ५.८ चा पाचवा भाग सुमारे १.१६ टक्के, त्रिज्येच्या दिशेने २.५ चा पाचवा भाग ०.५ टक्के. करंड्याच्या तोंडाचा व्यास ६० मि.मी. धरला तर एका दिशेने तो ०.७ मि.मी. घटून ५९.३ होईल आणि दुसऱ्या दिशेने ०.३ मि.मी. घटून ५९.७ राहील. श्रावणात वर्तुळ असलेले तोंड चैत्रात लंबवर्तुळ झाले! दोन व्यासांतील फरक ०.४ मि.मी., म्हणजे वहीच्या चार कागदांच्या जाडीएवढा.

झाकण आणि डबा एकाच तुकड्यातून कातलेले असतात, तेव्हा दोन्ही सारखेच लंबवर्तुळ होतात. रेषांशी रेषा जुळवून झाकण लावले तर ते चैत्रातही नीट बसते. परंतु पाव फेरा फिरवून लावले तर ५९.७ चे तोंड ५९.३ च्या खोबणीत घुसवावे लागते. मी फट ठेवली होती एका कागदाची, गरज होती चारांची. आत्याने देवपूजेच्या घाईत झाकण आडवे लावून तळहाताने दाबले आणि ते पाचरीसारखे रुतले. यात अपशकुनाचा भाग काहीच नव्हता. चूक माझी होती.

चीर नेमकी का गेली? झाकण कातलेल्या तुकड्यात झाडाचा गाभा आला होता. गाभ्याभोवतीच्या वलयाचा परीघ जास्त आक्रसू पाहतो, त्रिज्या तेवढी आक्रसायला तयार नसते. परीघ म्हणजे २π गुणिले त्रिज्या हे भूमितीला सोडता येत नाही, म्हणून वलय ताणले जाते आणि गाभ्यापासून बाहेर उकलते. सुरी केवळ निमित्त झाली. वखारीतील ओंडक्यांच्या तोंडावर चांदणीसारख्या भेगा दिसतात त्या याच. यास्तव गाभा टाकून बाजूचा तुकडा घ्यावा, आणि नळ्या करंड्याच्या अक्षाला समांतर, उभ्या राहतील असा तो खरादावर लावावा. नळ्या आडव्या ठेवल्या तर एक व्यास मुळीच घटणार नाही आणि दुसरा ०.७ मि.मी.पर्यंत घटेल. ते आणखी वाईट.

आता त्या 'फुस्स'कडे वळू. बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात. करंड्याच्या आतील पोकळी ६ सें.मी. व्यासाची आणि ४ सें.मी. उंच धरा. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ.सें.मी., घनफळ ११३ घ.सें.मी. झाकण १ मि.मी. वर उचलले आणि फटीतून हवा आत आली नाही, तर घनफळ अडीच टक्क्यांनी वाढते, म्हणून आतील दाब जवळजवळ तेवढाच कमी होतो. बाहेरचा दाब दर चौ.सें.मी.ला सुमारे १ कि.ग्रॅ.वजन. त्याचे अडीच टक्के गुणिले २८, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅमवजन बल झाकणाला खाली धरून ठेवते! प्रत्यक्षात थोडी हवा शिरतेच, म्हणून ओढ याहून कमी लागते. करंडा जितका उथळ तितकी ओढ अधिक. हे का, ते तुम्हीच पडताळा.

करंडा घडवण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरलेला आहे. ठोकळा प्रथम गोल करून झाकणाचा भाग अरुंद पटाशीने वेगळा करतात. आधी झाकण पोखरतात, मग डब्याचे तोंड त्याच्या मापाने उतरवत आणतात. उलट का नाही? बाहेरचा व्यास केसाकेसाने उतरवून झाकण लावून पाहणे सोपे असते, आतला व्यास तसा जमवणे कठीण. तोंड घट्ट बसले की झाकण त्यावर चढवून बाहेरचा आकार दोन्ही मिळून एकदम कातायचा, म्हणजे सांधा बोटाला लागत नाही. शेवटी तोंड किंचित सैल करायचे. येथे एक पेच आहे. तोंडाची कड लांब ठेवली तर ओढ छान येते, पण तेवढ्या लांबीच्या रेषा झाकणाखाली लपतात आणि बाहेरून पाहताना झाकण व डबा यांच्या रेषा जुळत नाहीत. मी ८ मि.मी.वर थांबतो. सुंदर रेषांचे लाकूड असेल तर ५ वर.

आकाराचे काय? खरादावर फक्त घूर्णनपृष्ठे निघतात. म्हणून आंब्याच्या आकाराची कोयरी खरादावर होत नाही, करंडा होतो. कागदावर मधोमध अक्ष काढून त्याच्या एकाच बाजूची रेषा आखा. तुमची सारी कल्पकता त्या अर्ध्या रेषेत आहे. घुमट, कमळकळी, लोटा, भोवरा, सगळे तिच्यातूनच येते. झाकण व डबा यांचे प्रमाण सुवर्ण गुणोत्तरातच हवे असे काही पुस्तके सांगतात. मला त्याचे फार स्तोम वाटते. झाकण एक भाग, डबा दोन भाग इथून सुरुवात करा आणि डोळ्याला विचारा. मात्र भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी तरी ठेवा.

सावंतवाडीचे आणि कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर अशा वस्तूंवर लाख चढवतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती मऊ होऊन पसरते. विस्तव लागत नाही. ६० मि.मी. व्यासाची वस्तू मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर तिचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने कांडीखालून जातो, एवढे पुरते. चन्नपट्टणला नंतर केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. लाखेमुळे पाण्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. आपल्या शेजारच्या बीदरच्या बिदरी डब्यांना ही चिंता नाही. जस्त-तांब्याचा तो मिश्रधातू तीस अंश तापला तरी ६० मि.मी.ला अर्धा दशांश मि.मी. इतकाच वाढतो, आणि सर्व दिशांना सारखा.

दुसरा करंडा कातताना मी घाई केली नाही. ठोकळा आतून-बाहेरून ओबडधोबड पोखरून, भिंती जाड ठेवून, घरात कपाटावर ठेवला. दर रविवारी तराजूत वजन केले. वजन घटायचे थांबले तेव्हाच शेवटचा हात फिरवला. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. सागाचा, बाभळीचा आणि आंब्याचा सारख्या मापाचा तुकडा घेऊन वजनाचे आलेख काढावेत. खराद मात्र शिक्षकांच्या देखरेखीशिवाय कोणी चालवू नये. सैल बाही, ओढणी जवळ नको, डोळ्यांवर चष्मा हवा.

त्या करंड्याच्या झाकणावर आणि डब्यावर मी पितळी तारेचा एकेक ठिपका बसवला आहे. ठिपक्याला ठिपका जुळवून झाकण लावायचे. आत्याची नजर आता अधू झाली आहे, तेव्हा ती ठिपका बोटानेच चाचपते. मागच्या वैशाखात मी तोंडाचे दोन्ही व्यास व्हर्निअरने मोजले: ५९.८ आणि ५९.५. आषाढात पुन्हा मोजणार आहे.