कलाव्यवसाय आणि कारागिराचे स्वास्थ्य

पालघर जिल्ह्याला कलेचा समृद्ध वारसा लाभला आहे. वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. हे काम कष्टाचे असले तरी प्रसंगापुरतेच असते. लग्न पार पडले की हातांना विसावा मिळतो. १९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांनी ही कला कागदावर उतरवली आणि ती उपजीविकेचे साधन बनली. बाजाराला मात्र प्रसंगाची मर्यादा नसते. मागणी संपत नाही, म्हणून कामही संपत नाही.

याच जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात हा प्रश्न आज अधिक तीव्रतेने जाणवतो. २००९ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. शिवणकाम, भरतकाम, दागिने, मूर्तिकाम, केक असे व्यवसाय अनेक कुटुंबांत घरातच चालतात. ज्या खोलीत संसार, त्याच खोलीत कारखाना. गणेशोत्सव, दिवाळी व नाताळ या दिवसांत तर रात्रही कामाचीच होते.

तास कोणी मोजावेत?

आस्थापनेतील कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे कायदा सांगतो. परंतु जो स्वतःच मालक, कारागीर, हिशेबनीस आणि हरकाम्या आहे, त्याला सुट्टी कोण देणार? जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्यात ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. मान-पाठीचे दुखणे, डोळ्यांवरील ताण आणि चिडचीड ही तर रोजचीच लक्षणे होत.

दराचे गणित

या अतिश्रमाचे एक मूळ दर ठरविण्यात आहे. समजा, एका कारागीर स्त्रीला घरखर्चासाठी दरमहा २०,००० रुपये हवेत. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. यावरून ती तासाला १०० रुपये मजुरी धरते. परंतु खरेदी, माल पोहोचविणे व हिशेब यांत सुमारे ७० तास जातात. प्रत्यक्ष निर्मितीला १३० तासच उरतात. आजारपण व वार्धक्यासाठी २,४०० आणि अवजारे व विजेसाठी १,००० रुपये धरल्यास गरज २३,४०० रुपयांची होते. म्हणजे खरा दर तासाला १८० रुपये पडतो. जुन्याच दराने हीच रक्कम मिळवायची तर महिन्याला आणखी १०४ तास राबावे लागेल. हे तास झोपेतूनच येतात. आपण दर कमी ठेवला, असे तिला वाटते; वस्तुतः उरलेली किंमत ती स्वतःच्या प्रकृतीतून भरीत असते.

साहाय्याची दिशा

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपी, मूर्तिकार, सोनार आदी १८ व्यवसायांचा समावेश असून प्रशिक्षण व सवलतीचे कर्ज यांची तरतूद आहे. कर्ज उपयुक्त खरे. परंतु चुकीच्या दरावर घेतलेले कर्ज रात्रीचे जागरण वाढविते. म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांनी दराचे गणित प्रथम शिकवावे. शिक्षकांना तेच गणित वर्गात घेता येईल. तालुक्यातील ग्रामपंचायतींनी व बचत गटांनी सामाईक सुट्टीचा दिवस ठरविल्यास, सुट्टी घेणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती कमी होईल. मनावर ताण असह्य झाल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, ही माहिती गावाच्या फलकावर असावी.

कारागिराचे हात हेच त्याचे भांडवल. यंत्राला तेल घालण्यासाठी जो वेळ राखून ठेवतो, त्याने स्वतःच्या विश्रांतीचा वेळही हिशेबाच्या वहीत मांडला पाहिजे. तसे झाले, तरच व्यवसाय टिकेल आणि व्यावसायिकही.