ग्रहणी : एका वैद्यकीय संज्ञेचा अर्थविचार

प्राचीन वैद्यकग्रंथांतील रोगनामांसाठी आधुनिक भाषांत एखादा समानार्थी वाटणारा शब्द योजण्याचा प्रघात आहे. दीर्घकालीन पचनविकाराची ‘ग्रहणी’ ही संज्ञा या प्रघाताची मर्यादा दाखवून देते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १५व्या अध्यायात ग्रहणी हे प्रथमतः अवयवाचे नाव आहे. नाभीच्या वर असलेले हे अग्नीचे अधिष्ठान अन्न धरून ठेवते व पचल्यावरच पुढे सोडते. ‘ग्रह्’ या धातूचा अर्थ येथे शब्दशः अभिप्रेत आहे. अग्नी मंदावून हे स्थान दुर्बल झाले, की न पचलेले अन्नच पुढे जाते. मल कधी बद्ध, तर कधी द्रव होतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ग्रहणीचे विवेचन अतिसाराच्या अध्यायातच येते : अतिसार शमल्यावरही ज्याचा अग्नी मंद आहे, त्याने अपथ्य केल्यास ग्रहणी बिघडते. माधवनिदानात मात्र अतिसारामागोमाग ग्रहणीचे स्वतंत्र प्रकरण आढळते.

चिकित्सेचा क्रमही या कल्पनेतूनच निघतो. मल केवळ रोखणे हे तिचे उद्दिष्ट नव्हे. आम शरीरभर पसरला असता आधी लंघन व पाचन, कोठा शुद्ध झाल्यावर पंचकोलयुक्त पेया, असा चरकाचा क्रम आहे. ताकाला येथे विशेष स्थान मिळते, कारण ते हलके, अग्निदीपक आणि ग्राही, म्हणजे धरून ठेवणारे आहे. उपवासाने अग्नी वाढत नाही व अतिभोजनानेही नाही, हे सांगताना चरक इंधनाविना विझणाऱ्या आणि अति इंधनाखाली गुदमरणाऱ्या विस्तवाचा दृष्टान्त देतो. हा दृष्टान्त केवळ अलंकार नव्हे. पथ्याची मात्रा त्यावरूनच ठरते.

मराठीत रूढ झालेल्या ‘संग्रहणी’ या शब्दात रोग उरला, अवयव लोपला. ‘जुनाट अतिसार’ असे भाषांतर केल्यास धारणाची कल्पनाही नाहीशी होते आणि ग्राही ताकाची योजना केवळ घरगुती उपाय वाटू लागते. आजच्या वैद्यकातील एखाद्या एकाच व्याधीशी ग्रहणीचे समीकरण मांडणेही तितकेच अपुरे ठरते. म्हणून भाषांतरकाराने मूळ संज्ञा कायम ठेवून तिचा अर्थ विशद करणे अधिक श्रेयस्कर होय. अन्यथा वाचकाला औषध कळेल, पण त्यामागचा विचार कळणार नाही.