फिट थांबली, भीती का थांबत नाही?

प्रश्न : माझ्या पुतणीला शाळेत असल्यापासून फिटचा आजार आहे. औषध चालू आहे आणि गेल्या चार वर्षांत एकही फिट आलेली नाही. आता तिच्यासाठी स्थळं पाहतो आहोत आणि घरात दोन तट पडले आहेत. एक बाजू म्हणते, आजार आटोक्यात आहे, तर सांगायचं कशाला? आमचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "तिला आता आजारापेक्षा स्टिग्माचा त्रास जास्त आहे." ही कल्पना तर समाजशास्त्रातली. ती डॉक्टरांकडे कशी आली? तिचं काही मोजमाप होतं का? आणि आम्ही काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. ही कल्पना वैद्यकात आली, त्यात तुमच्या पुतणीच्याच आजाराचा मोठा वाटा आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

अर्व्हिंग गॉफमन हे मूळचे कॅनडाचे समाजशास्त्रज्ञ. १९५५-५६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या प्रचंड मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात रुग्णांमध्ये मिसळून त्यांचा दिनक्रम न्याहाळला. त्यातून एक पुस्तक झालं, आणि १९६३ मध्ये दुसरं आलं, ते थेट स्टिग्मावर. त्यांचं म्हणणं असं : स्टिग्मा शरीरात नसतो. माणसात एखादी गोष्ट असते आणि भोवतालच्या लोकांची "माणूस कसा असावा" याबद्दल एक अपेक्षा असते. या दोहोंच्या नात्यात स्टिग्मा जन्मतो. तीच गोष्ट एका गावात बट्टा ठरते आणि दुसऱ्या गावात तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

पुढे त्यांनी एक फरक केला, तो तुमच्या घराला तंतोतंत लागू पडतो. काहींचं वैगुण्य समोरच्याला दिसतंच. त्यांना प्रश्न असतो तो लोकांच्या नजरा कशा झेलायच्या याचा. काहींचं मात्र दिसत नाही, पण कधीही उघड होऊ शकतं. अशा माणसाला अष्टौप्रहर माहिती सांभाळावी लागते : कुणाला सांगायचं, कुणाला नाही, गोळी कुणासमोर घ्यायची, पर्समधली चिठ्ठी कुठे ठेवायची. फिट वर्षानुवर्षं आली नाही तरी हे काम एक दिवसही थांबत नाही. गॉफमननी आणखी एक गोष्ट नोंदवली. स्टिग्मा जवळच्यांनाही चिकटतो. थोरलीचं कळलं तर धाकटीचं लग्न अडेल, ही आपल्याकडची धास्ती म्हणजे हेच.

दवाखान्यात ही कल्पना रुजली ती १९८० च्या दशकात. लंडनमध्ये ग्रॅहॅम स्कॅम्बलर हे समाजशास्त्रज्ञ आणि अँथनी हॉपकिन्स हे न्यूरॉलॉजिस्ट यांनी मिळून अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असलेल्या प्रौढांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्टिग्माचे दोन भाग पाडले. एक, प्रत्यक्ष वाट्याला आलेला : नोकरी नाकारली, लग्न मोडलं, हिणवलं. दुसरा, मनात बाळगलेला : असं काही होईल ही भीती, आणि आजाराची लाज. (अपस्मार असलेल्याला गाडी चालवू न देणं त्यांनी पहिल्या भागात धरलं नाही, कारण तिथे सुरक्षेचं खरं कारण आहे. हे भान मला फार मोलाचं वाटतं.) निष्कर्ष असा निघाला की लोकांच्या आयुष्याची अधिक नासधूस दुसऱ्या भागाने केली होती. भीतीमुळे माणसं आजार लपवत. लपवल्यामुळे भेदभाव होण्याची वेळच सहसा येत नसे. त्यामुळे आपली भीती खरी की खोटी, हे पडताळून पाहायची संधीही मिळत नसे, आणि ती वाढत जाई.

ही भीती येते कुठून? अमेरिकेत जोसेफ श्नायडर आणि पीटर कॉनरॅड यांनी १९८० मध्ये याचं उत्तर दिलं, ते वाचताना आई-बापांना वाईट वाटेल. आजार लपवायचा असतो हे अनेकांना पहिल्यांदा जगाने शिकवलेलं नव्हतं. घरानेच शिकवलं होतं. "शाळेत बोलू नकोस", "पाहुण्यांसमोर गोळी घेऊ नकोस" असं सांगणारे पालक मुलाला जपतच होते. पण त्यातून मूल एवढंच शिकतं की माझ्यात काहीतरी बोलू नये असं आहे. ज्या घरांत आजाराबद्दल दम्याइतकं सहज बोललं जाई, तिथली मुलंही तशीच मोकळी झाली. तुमच्या पुतणीला घरात काय ऐकू येत आलं आहे, याचा तुम्ही सगळ्यांनी शांतपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

पण सगळी जबाबदारी मनावर टाकून मोकळं होणं अन्यायाचं आहे. २००१ मध्ये ब्रूस लिंक आणि जो फेलन यांनी बजावलं की सत्ता असल्याशिवाय स्टिग्मा उभा राहत नाही. नाकारण्याची ताकद कुणाच्या हाती आहे, हे पाहिलं पाहिजे. ठरवून केलेल्या लग्नात ती बहुधा मुलाकडच्यांच्या हाती असते. म्हणून तोच आजार मुलीला जास्त महाग पडतो. तुमच्या घरातली लपवू पाहणारी बाजू भित्री नाही. तिने समाज पाहिलेला आहे.

कायद्यानेही ही भीती एके काळी पोसली. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या अटींत वारंवार येणारी फिट ही विवाहाला बाध आणणारी गोष्ट म्हणून घातली गेली, तीही वेडाच्या झटक्यांच्या जोडीला. मेंदूतल्या विजेच्या गडबडीचा आजार कायद्यात वेडाशेजारी नेऊन बसवला. १९९९ मध्ये संसदेने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्मार काढून टाकला. तेव्हा तुमच्या पुतणीच्या लग्नाला आज कायद्याची कसलीही आडकाठी नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट फसवून दडवली, या कारणावरून विवाह रद्द करण्याची मागणी हिंदू विवाह कायद्याखाली आजही करता येते. म्हणजे आजार अडवत नाही, पण लपवाछपवी कोर्टात नेऊ शकते.

लपवण्याचं खरं संकट त्याहून मोठं आहे, आणि ते वैद्यकीय आहे. सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या चुकतात. लग्नाच्या धामधुमीत जागरणं होतात, उपास घडतात. चुकलेली गोळी आणि अपुरी झोप ही फिट येण्याची अगदी ठरलेली कारणं आहेत. कुणी "आता काय गरज" म्हणून औषध एकदम बंद केलं, तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. शिवाय व्हॅल्प्रोएटसारख्या औषधामुळे गर्भात दोष येण्याचा आणि बाळाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका वाढतो. गरज असेल तर औषध बदलणं, फॉलिक अॅसिड सुरू करणं, हे दिवस राहण्याआधी डॉक्टरांनी करायचं असतं. ज्या नवऱ्याला आजारच ठाऊक नाही, तो या चर्चेत बसणार कसा? एरवी अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुलं होतात.

मोजमापाचं विचारलंत. होतं, आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या साधनाचं काम मुंबईत झालं आहे. मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्यावर अभ्यास करून एक मुलाखत-पद्धत घडवली. ती १९९२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत आली. तिचं नाव ईएमआयसी. पुढे अनेक देशांत आणि अनेक आजारांसाठी ती वापरली गेली. तिच्यात ताप मोजावा तसं काही नाही, साधे प्रश्न आहेत. शक्य असतं तर तुम्ही हे लोकांपासून लपवलं असतं का? यामुळे तुम्हाला स्वतःची किंमत कमी वाटते का? लग्नाला अडचण येईल असं वाटतं का? आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या लग्नाला? हा शेवटचा प्रश्न त्यात आहे, याचं मला खूप महत्त्व वाटतं, कारण आपल्याकडे आजार एकट्याचा कधीच नसतो. उत्तरांना गुण देऊन बेरीज होते, उपचाराआधी आणि नंतर तुलना करता येते. गावकऱ्यांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, म्हणजे दोन्ही बाजू मोजता येतात. नेहमीच्या दवाखान्यात मात्र एवढा वेळ क्वचितच मिळतो; तुमच्या डॉक्टरांनी ते ऐकून ओळखलं.

आता काय करावं. माझं मत स्पष्ट आहे : सांगावं. पण केव्हा आणि कुणी, यालाही महत्त्व आहे. बायोडेटात छापायची गरज नाही, तशी मांडवात सांगायचीही वेळ आणू नये. पत्रिका, पसंती झाली आणि गोष्ट पुढे जाणार असं दिसलं, की होकार पक्का होण्याआधी सांगा. सांगायचं ते पुतणीनेच, मुलाला, समोरासमोर. तिला हवं असेल तर तुम्ही शेजारी बसा. वाक्यं साधी असू द्या : मला फिटचा आजार आहे, अमुक गोळी रोज घेते, शेवटची फिट चार वर्षांपूर्वी आली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने योग्य औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त राहू शकतात, हेही सांगा. मुलाला तिच्या न्यूरॉलॉजिस्टकडे एकदा घेऊन जा. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अनुभवातून सुरू केलेला 'संवेदना' हा अपस्मारासाठीचा गट आहे. अशी संभाषणं केलेली माणसं तिथे भेटतील, पुतणीला नेऊन आणा.

नकार येईल का? येऊ शकतो, आणि तो तिला लागेल. तेव्हा घरात "बघ, सांगितलं नसतं तर" हे वाक्य कुणीही उच्चारू नये.

होकार आला तर सासरच्यांना दोन गोष्टी लगेच शिकवा. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, कुशीवर वळवायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखान्यात न्यायचं. आणि मुहूर्त ठरवताना पहाटेचा नको म्हणून आधीच सांगा, म्हणजे आदल्या रात्री तिला पुरेशी झोप मिळेल.