अलाला

पॅसिफिक महासागरात हवाई नावाचा ज्वालामुखी बेटांचा समूह आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावरील दाट अरण्यांत पूर्वी एका निराळ्याच जातीचा कावळा राहत असे. तेथील मूळ रहिवासी त्यास ‘अलाला’ म्हणतात. रंगाने काळसर तपकिरी व जाड चोचीचा हा पक्षी भारी कलकलाट करणारा आहे. मात्र गावातील उकिरडा त्यास ठाऊक नव्हता. रानातील फळे, किडे व लहान पक्ष्यांची अंडी यांवर तो उपजीविका करी. त्याने खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पडत व तेथे नवी झाडे उगवत.

पुढे माणसाने गुरांच्या कुरणांसाठी अरण्ये तोडली. डुकरांनी व बकऱ्यांनी रानातील झुडपे फस्त केली. उसाच्या मळ्यांतील उंदीर मारावेत म्हणून १८८३ साली जमैकाहून मुंगूस आणण्यात आले. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातले. परंतु उंदीर हिंडतो रात्री आणि मुंगूस दिवसा! उंदीर राहिलेच, मुंगसांनी पक्ष्यांची अंडी व पिले मात्र खाल्ली. परदेशांतून आलेल्या डासांनी पक्ष्यांत हिवताप पसरविला. २००२ नंतर अरण्यात एकही अलाला दिसेनासा झाला.

सुदैवाने काही अलाला पिंजऱ्यांत सुरक्षित होते. त्यांची अंडी यंत्रात उबवून व पिले हाताने भरवून ही संख्या शंभरावर नेण्यात आली. या पक्ष्यांचा एक गुण पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. ओंडक्याच्या भोकात दडवलेले खाद्य अलाला चोचीत काटकी धरून बाहेर काढतो आणि ही विद्या पिलांस कोणी न शिकवता येते. याविषयीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच अलाला अरण्यात सोडले. थोड्याच दिवसांत तीन मृत्यू पावले. त्यांतील दोघांस ‘इओ’ नावाच्या शिकारी पक्ष्याने मारले होते. काटकीची विद्या उपजत होती, शत्रूची ओळख तशी नव्हती. ती देणारे आईबाप पिंजऱ्यातील पिलांस लाभलेच नव्हते! तेव्हा उरलेल्या दोघांस परत आणून शाळा भरविण्यात आली. पिंजऱ्यापुढे जिवंत इओ दाखवायचा व त्याच वेळी घाबरलेल्या अलालांची ओरड ऐकवायची, असा तो पाठ होता.

२०१७ पासून २०१९ पर्यंत आणखी पक्षी सोडले. काहींनी जोड्या जमवून घरटीही बांधली. परंतु इओचे भय टळेना. शेवटी २०२० साली वाचलेले पक्षी पुन्हा पकडावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच अलाला शेजारच्या माउई बेटावरील अरण्यात सोडण्यात आले. त्या बेटावर इओ राहत नाही.