एकाचा विक्रम, तिघांची धाव



वार्षिक क्रीडास्पर्धेत धावण्याच्या शर्यतीला सर्वांत जास्त नावे येतात आणि पदके मिळतात तिघांना. बाकीच्यांपैकी बरेच जण त्या दिवसानंतर पुन्हा धावायला येत नाहीत. "मी काही पहिला येणार नाही, मग कशाला धावू?" असे त्यांचे म्हणणे असते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही या पाठात एका प्रसिद्ध शर्यतीचा अभ्यास करणार आहोत. तिच्यात विक्रम एकाच्या नावावर लागला, पण तो घडवला तिघांनी.

चार मिनिटांची भिंत

एक मैल म्हणजे सुमारे १६०९ मीटर. त्या काळच्या ४४० यार्डांच्या मैदानावर एक मैल म्हणजे बरोबर चार फेऱ्या. चार मिनिटांच्या आत मैल पुरा करायचा तर प्रत्येक फेरीला सरासरी ६० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला पाहिजे.

१९४२ ते १९४५ या काळात स्वीडनच्या गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोघांनी एकमेकांशी चढाओढ करीत मैलाचा जागतिक विक्रम ४ मिनिटे १.४ सेकंदांपर्यंत खाली आणला. अँडरसन व्यवसायाने शाळाशिक्षक होता. एकाने विक्रम केला की दुसरा त्याच्या मागे लागे. पुढे हौशी खेळाडूंचे नियम मोडून पैसे घेतल्याबद्दल दोघांवर बंदी आली. चढाओढ थांबली आणि तो विक्रम जवळजवळ नऊ वर्षे तसाच राहिला.

तीन हौशी धावपटू

इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर वैद्यकीय विद्यार्थी होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या शर्यतीत तो चौथा आला, म्हणजे पदक थोडक्यात हुकले. पण त्याने धावणे सोडले नाही. रुग्णालयातील कामातून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वेळ काढून तो जवळच्या मैदानावर सराव करी. ख्रिस चॅटवे आणि ख्रिस ब्रॅशर हे त्याचे दोन सोबती नोकरी सांभाळून धावणारे होते. ऑस्ट्रियात जन्मलेले प्रशिक्षक फ्रान्झ स्टॅम्फल त्यांना मार्गदर्शन करीत.

१९५३-५४ च्या हिवाळ्यात तिघांनी एकत्र सराव केला. सरावाची पद्धत साधी होती. ४४० यार्डांची एक फेरी जोरात धावायची, दोन मिनिटे दम घ्यायचा आणि असे दहा वेळा करायचे. डिसेंबरात एका फेरीला सरासरी ६६ सेकंद लागत. वसंत ऋतूपर्यंत ती वेळ ६१ वर आली आणि तिथेच अडली. काही केल्या साठ होईना. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर धावणे बाजूला ठेवून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढायला गेले. परत आल्यावर फेरी ५९ सेकंदांत झाली. मेहनतीइतकीच विश्रांतीही सरावाचा भाग आहे, हे यातून कळते.

६ मे १९५४, ऑक्सफर्ड

इफली रोडच्या मैदानावर त्या दिवशी जोराचा वारा होता. धावावे की नाही, हे शर्यतीच्या अगदी तोंडावर, वारा जरा पडल्यावर ठरले. योजना अशी होती की पहिल्या दोन फेऱ्या ब्रॅशरने पुढे राहायचे, नंतर चॅटवेने पुढे व्हायचे आणि शेवटी बॅनिस्टरने सुटायचे. पुढे धावणाऱ्याचा दुहेरी उपयोग होतो. मागच्याला वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि वेगाचा विचार करावा लागत नाही.

पहिल्या फेरीत वेग कमी आहे असे वाटून बॅनिस्टरने मागून ब्रॅशरला आणखी जोरात पळायला सांगितले. ब्रॅशर गडबडला नाही, त्याने ठरलेला वेगच राखला. फेरी झाली ५७.५ सेकंदांत! त्या क्षणी त्याने मित्राचे ऐकले असते तर पुढे दोघांचाही दम तुटला असता. खरा सोबती नुसता ओरडून जोर देत नाही, गरज असेल तेव्हा आवरूनही धरतो.

अर्धा मैल १ मिनिट ५८ सेकंदांत झाला. तिसऱ्या फेरीअखेर घड्याळ तीन मिनिटांच्या अर्धा-पाऊण सेकंद पुढे गेले होते. म्हणजे शेवटची फेरी ५९ सेकंदांच्या आसपास हवी होती. चॅटवेने शेवटच्या फेरीतही निम्म्या वाटेपर्यंत जवळजवळ पुढे राहून साथ दिली. मग बॅनिस्टर सुटला आणि ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत त्याने रेषा ओलांडली.

नंतर काय झाले?

४६ दिवसांनी, २१ जून रोजी, ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमध्ये ३ मिनिटे ५८ सेकंदांचा नवा विक्रम केला. त्या शर्यतीत त्याला जोर लावायला भाग पाडणारा प्रतिस्पर्धी चॅटवेच होता. दुसऱ्यांना मदत करणारे हे सोबती स्वतः मागे राहिले का? मुळीच नाही. त्याच वर्षी चॅटवेने ५००० मीटरचा जागतिक विक्रम केला. ब्रॅशरने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले आणि १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू करण्यात पुढाकार घेतला.

याच अडथळ्यांच्या शर्यतीत बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेले. पण त्याने स्वतःची वेळ सुधारणे सोडले नाही. २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीग शर्यतीत त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवला.

आपल्या मैदानावर

तिघा-तिघांचे गट करा. साधारण एकाच वेगाचे सोबती निवडा. समजा, एका मुलीला ४०० मीटरला १०० सेकंद लागतात. तिने एकदम ९० चे ध्येय ठेवू नये, ९८ चे ठेवावे. म्हणजे प्रत्येक १०० मीटरला २४.५ सेकंद. एकाने पुढे राहून हा वेग राखावा, दुसऱ्याने घड्याळ पाहून मोठ्याने सेकंद सांगावेत. पुढच्या वेळी कामे बदलावीत. प्रत्येकाने वहीत तारीख आणि वेळ लिहावी व तुलना स्वतःच्या मागच्या वेळेशीच करावी. आधी अंग मोकळे करा, जोराचा सराव रोज करू नका आणि छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून शिक्षकांना सांगा.

पालकांना आमची विनंती आहे की, "कितवा आलास?" या प्रश्नाबरोबर "मागच्यापेक्षा किती सुधारलास?" हेही विचारावे. विश्वस्त मंडळाने मैदानावर अचूक मोजलेली एक फेरी आखून द्यावी, दोन स्टॉपवॉच द्यावीत आणि क्रीडास्पर्धेत वर्षभरात सर्वाधिक सुधारणा करणाऱ्यासाठी एक बक्षीस ठेवावे. तसे झाले तर शेवटी येणाऱ्या मुलालाही दुसऱ्या दिवशी मैदानावर यायला कारण मिळेल.

स्वाध्याय

१. १६०९ मीटर अंतर २३९.४ सेकंदांत कापले, तर ताशी वेग किती किलोमीटर होईल?
२. ब्रॅशरने मित्राचे न ऐकणे योग्य का ठरले?
३. अभ्यासात तुमचा वेग राखून देणारा सोबती कोण? तुम्ही कोणाचे सोबती आहात? पाच ओळी लिहा.